आज तारीख काय? स्मृतिभ्रंश, तटस्थ राज्यसंस्था आणि विचारत राहण्याची नीती

काही वर्षांपूर्वी माझ्या आत्याला पुण्यातल्या एका दवाखान्यात स्मृतिचाचणीसाठी नेले होते. तपासणाऱ्या तरुण मुलीने आदराने आणि सावकाश विचारले, "आजी, आज तारीख काय?" आत्या क्षणभरही न थांबता म्हणाली, "ज्येष्ठ वद्य नवमी. आज पालख्या पुण्यात यायच्या." तिथी बरोबर होती. पालख्या खरोखरच त्या दिवशी येणार होत्या आणि रस्ते बंद असल्यामुळे आम्हालाच पोहोचायला उशीर झाला होता. तरीही कागदावर त्या प्रश्नापुढे शून्य पडले, कारण उत्तराच्या चौकटीत इंग्रजी तारीखच अपेक्षित होती. त्या मुलीचा यात काही दोष नव्हता, कारण तिच्या हातातल्या कागदाने तिला दुसरी मुभा दिलेलीच नव्हती. पण त्या शून्याने मला वैद्यकाच्या बाहेरच्या एका प्रश्नाकडे ढकलले. आकलनशक्ती ओसरू लागलेल्या माणसाचे हित कशात आहे, हे कोणाच्या मापाने ठरवायचे? डॉक्टरांच्या, घरच्यांच्या, सरकारच्या, की त्या माणसाच्या स्वतःच्या? या प्रश्नाच्या एका टोकाला मेंदूविषयीचे संशोधन आहे, दुसऱ्या टोकाला उदारमतवादातला राज्यसंस्थेच्या तटस्थतेचा जुना वाद आहे, आणि या दोहोंना जोडणारा सहभागी नीतीचा, म्हणजे ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा त्यालाच विचारत राहण्याचा, विचार आपल्याकडे अजून पुरेसा बोलला जात नाही.

आधी आजाराविषयी. "साठी बुद्धी नाठी" या म्हणीने आपले मोठे नुकसान केले आहे, कारण वयाबरोबर येणारा थोडा विसरभोळेपणा आणि स्मृतिभ्रंश या दोन वेगळ्या गोष्टी तिने एकाच पोत्यात घातल्या. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे विसरणे कोणाच्याही बाबतीत घडते. पण चाळीस वर्षे रोज कुकर लावणाऱ्या बाईच्या हातातून तो लावण्याची रीतच निसटू लागली, तर तो केवळ वयाचा परिणाम नव्हे. डिमेन्शिया किंवा स्मृतिभ्रंश हे एका आजाराचे नाव नसून अनेक आजारांतून उद्भवणाऱ्या लक्षणसमूहाचे नाव आहे, आणि त्या आजारांत अल्झायमरचा वाटा सर्वांत मोठा, म्हणजे साधारण 60 ते 70 टक्के आहे. जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये आपल्या एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूत आढळलेले साचलेले थर आणि गुंते सहकाऱ्यांपुढे मांडले, आणि 1910 मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला त्यांचे नाव दिले. आज जगात साडेपाच कोटींहून अधिक लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत. भारतापुरते बोलायचे, तर 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पातळीवरच्या अभ्यासानुसार साठी ओलांडलेल्यांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना तो आहे, आणि त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत व शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे.

हे आकडे मोजले कसे जातात, ते पाहिल्यावर आत्याच्या शून्याचा अर्थ नीट उलगडतो. जगभर सर्वाधिक वापरली गेलेली छोटी स्मृतिचाचणी 1975 मध्ये अमेरिकेत तयार झाली. ती 30 गुणांची असून त्यांतले पाच गुण काळाच्या भानासाठी, म्हणजे साल, ऋतू, महिना, तारीख आणि वार यांसाठी असतात, तर आणखी काही गुण शंभरातून सात-सात वजा करणे, वाक्य लिहिणे, आकृती काढणे यांसाठी असतात. ज्याच्या हातात पेन्सिल कधी आलीच नाही, त्याला आकृती काढता आली नाही तर त्यातून त्याच्या मेंदूविषयी काय कळणार? हरियाणातल्या बल्लभगढ परिसरात 1990 च्या दशकात संशोधन करणाऱ्या गटाला हीच अडचण आली. तिथल्या बहुसंख्य वृद्धांना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून त्यांनी प्रश्नच बदलले आणि हिंदीत वेगळी चाचणी रचली. चाचणीचे नुसते भाषांतर करून भागत नाही, तर ज्याला प्रश्न विचारायचा त्याच्या जगण्यातून तो घ्यावा लागतो, हा त्यातला धडा पुण्यासारख्या शहरात फार उपयोगाचा आहे, कारण इथे एकाच वाड्यात तिथीने जगणारी आजी आणि ऑफिसच्या कॅलेंडरवर जगणारा नातू शेजारी-शेजारी राहतात.

भारतातल्या आणखी एका संशोधनाचा उल्लेख इथे करायलाच हवा. हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 648 रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि 2013 मध्ये असे मांडले की, दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणे एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली. आणि हा फरक कधीही शाळेत न गेलेल्यांमध्येही टिकून होता. भाजीवाल्याशी हिंदीत, शेजारणीशी कानडीत आणि घरात मराठीत बोलणारी पुण्यातली निरक्षर बाई चाचणीच्या कागदावर कमी भरेल, पण तिच्या मेंदूने आयुष्यभर जी कसरत केली तिची दखल विज्ञानाने घेतली आहे.

प्रतिबंधाच्या बाजूने पाहिले तर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने 2024 मध्ये बदलता येण्याजोगे 14 धोके नोंदवले. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपण, उपचार न केलेला दृष्टिदोष, एकटेपणा आणि हवेचे प्रदूषण आहे, तसाच डोक्याला होणारा मार आहे. हे सगळे धोके दूर झाले, तर सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. डोक्याच्या माराचे नाव निघाले की पुणेकराला हेल्मेट आठवल्याशिवाय राहत नाही, कारण हेल्मेटसक्तीच्या विरोधात कृती समिती स्थापन करून मोर्चे काढणारे हे शहर आहे.

हेल्मेटचे उदाहरण राज्यसंस्थेच्या तटस्थतेचा प्रश्न सोडवायला मदत करते, कारण त्यातून दोन वेगळ्या कल्पनांमधली रेघ दिसते. सरकार जेव्हा म्हणते, "तुमचे डोके वाचावे म्हणून हेल्मेट घाला," तेव्हा ते पालकाच्या भूमिकेत असते. आपण आपला जीव वाचवू इच्छितो, असे ते धरून चालते आणि त्या इच्छेसाठी साधन सक्तीने पुरवते. त्यावर आक्षेप घेता येतो, मी स्वतः तो घेत नाही, पण तो स्वातंत्र्याविषयीचा आक्षेप आहे. तटस्थतेचा प्रश्न याहून खोल आहे. चांगले आयुष्य म्हणजे कोणते, भक्तीचे की बुद्धीचे, संसाराचे की एकांताचे, याविषयी नागरिकांची मते वेगवेगळी असणारच. मग सर्वांच्या करातून चालणाऱ्या आणि सर्वांवर हुकूम चालवणाऱ्या राज्यसंस्थेने त्यांतले एक श्रेष्ठ मानून कायदे करावेत का? जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1859 मध्ये असे मांडले की, दुसऱ्याचे नुकसान टाळण्यापलीकडे समाजाने माणसावर जबरदस्ती करू नये. विसाव्या शतकात जॉन रॉल्स आणि रोनाल्ड ड्वॉर्किन या अमेरिकन तत्त्वज्ञांनी त्यापुढे जाऊन असा विचार बांधला की, कायद्यामागची कारणे अशी असावीत की, जीवनाविषयी परस्परविरोधी श्रद्धा बाळगणाऱ्या नागरिकांनाही ती समान नागरिक या नात्याने मान्य होऊ शकतील. इथे तटस्थता कारणांची आहे, परिणामांची नव्हे. शाळेत विज्ञान शिकवले तर काही श्रद्धा दुबळ्या होतील, हा परिणाम झाला. पण अमुक धर्म खोटा आहे म्हणून विज्ञान शिकवा, असे सरकार म्हणू लागले तर तटस्थता मोडली.

हा वाद पुण्याला परका नाही. व्हिक्टोरिया राणीच्या 1858 च्या जाहीरनाम्याने प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही असे वचन दिले होते, आणि 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा आला तेव्हा मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करण्यावरून याच शहरात रान उठले. परक्या सरकारने कायद्याच्या बळावर आमच्या सामाजिक चालीरीतींत हात घालू नये, ही लोकमान्य टिळकांची भूमिका होती. तर व्यक्तीवर होणारा अन्याय दूर करण्यासाठी कायद्याचे साहाय्य घेण्यात गैर नाही, अशी गोपाळ गणेश आगरकरांची होती. परक्या सत्तेविषयीचा टिळकांचा संशय अनाठायी नव्हता, हे मला मान्य आहे. पण त्या वादात एक गोष्ट कायमची उघडी पडली. सरकार बाजूला उभे राहिले म्हणून निर्णय अधांतरी राहत नाही. तो घरात ज्याचे चालते त्याच्या हाती जातो, आणि दहा वर्षांच्या मुलीचे घरात काहीच चालत नव्हते. हात आखडून घेणे आणि तटस्थ असणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत तर पावलोपावली दिसते. सरकार गप्प बसले की ज्याच्या कपाटात पासबुक आहे आणि ज्याची सही चालते, त्याच्या मनातले 'चांगले आयुष्य' त्या वृद्ध माणसावर लादले जाते.

उदारमतवादाच्या सिद्धांतातही इथे एक मोकळी जागा आहे. रॉल्स यांनी न्यायाची मांडणी करताना आयुष्यभर सामाजिक सहकार्यात पूर्ण भाग घेऊ शकणारे नागरिक गृहीत धरले आणि तीव्र बौद्धिक मर्यादा असलेल्यांचा प्रश्न पुढे ढकलला. मार्था नुसबॉम आणि ईवा किटे या तत्त्वज्ञ स्त्रियांनी त्यावर रास्त टीका केली की, परावलंबन ही नियमाला अपवाद असलेली अवस्था नाही; प्रत्येक माणूस जन्मतः परावलंबी असतो आणि पुष्कळसे शेवटी पुन्हा होतात. ज्या सिद्धांताला आयुष्याची सुरुवात आणि अखेर दोन्ही दिसत नाहीत, त्याने मधल्या काळातल्या धडधाकट माणसाचे वर्णन सर्व माणसांचे म्हणून पुढे करू नये, असे मलाही वाटते.

याच मोकळ्या जागेत एक अवघड कोडे बसले आहे. आमच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक आयुष्यभर कडवे बुद्धिवादी होते. त्यांनी घरात कधी पूजा होऊ दिली नाही, मुलाचे लग्न नोंदणी पद्धतीने लावले, आणि आपल्यामागे कोणतेही विधी करू नयेत असे लिहून ठेवले. स्मृतिभ्रंश वाढल्यावर त्यांना एका निवासी केंद्रात ठेवावे लागले. तिथे रोज संध्याकाळी हरिपाठ होतो आणि त्या वेळी सर पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात, त्यांचा चेहरा उजळतो, रात्री ते शांत झोपतात. त्यांच्या मुलीला ते पाहवत नाही. "बाबांना हे कळत असतं तर ते इथे क्षणभर थांबले नसते," असे ती म्हणते, आणि ते खरे आहे.

ड्वॉर्किन यांनी 1993 मध्ये नेमक्या अशा प्रसंगाचा विचार केला होता. त्यांच्या मते माणसाचे हित दोन प्रकारचे असते. एक अनुभवाचे, म्हणजे गाणे, ऊन, चवीचे जेवण यांतून मिळणारे सुख. आणि दुसरे मूल्यांचे, म्हणजे आपले आयुष्य कशासाठी आहे याविषयीचा स्वतःचा पक्का निवाडा. हा दुसरा निवाडा माणसाने शुद्धीत असताना केला असेल, तर स्मृती गेल्यावरही तोच पाळावा, कारण आयुष्याचा कर्ता तोच होता. त्यांच्या मताप्रमाणे सरांना हरिपाठातून उठवायला हवे. कायद्याच्या अभ्यासक रेबेका ड्रेसर यांनी 1995 मध्ये याला आक्षेप घेतला. समोर बसलेला माणूस आज आनंदी असताना, त्याला आता न आठवणाऱ्या मूल्यांसाठी त्याचा आनंद हिरावून घेण्याचा अधिकार कोणाला कोठून मिळतो, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे तत्त्वज्ञ अग्निएश्का जावोर्स्का यांनी तिसरी वाट दाखवली. स्मरणशक्ती गेली तरी एखाद्या गोष्टीला मोल देण्याची क्षमता बराच काळ शाबूत राहते, आणि ती शाबूत असेतो त्या माणसाला केवळ सुखदुःखाचे भांडे समजता येत नाही, त्याला आजचीही मते असतात. मला हे तिसरे मत सर्वांत जवळचे वाटते, कारण सर केवळ सुखावत नाहीत. हार्मोनियमवाला उशिरा आला तर ते दाराकडे पाहत राहतात.

आपल्या देशाच्या कायद्याने हा पेच ओळखला आहे, ही फारशी माहीत नसलेली आणि अभिमानाची गोष्ट आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांचे गंभीर विकार येतात, त्यामुळे स्मृतिभ्रंशही त्याच्या कक्षेत येतो. या कायद्याच्या जडणघडणीत पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचा मोठा हातभार आहे. कायद्याचे चौथे कलम सांगते की, माहिती समजणे, निर्णयाचा परिणाम कळणे आणि निर्णय बोलून, खुणेने किंवा अन्य मार्गाने सांगता येणे, यांवरून निर्णयक्षमता ठरते. आणि एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याच्यात ती क्षमता नाही असे ठरवता येत नाही. राज्यसंस्थेची तटस्थता इतक्या नेमक्या शब्दांत मी दुसऱ्या कोणत्याही भारतीय कायद्यात वाचलेली नाही. याच कायद्याने प्रत्येक सज्ञान माणसाला, पुढे आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, याचा पूर्वनिर्देश लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला. त्या प्रतिनिधीने काय पाहायचे, तर त्या माणसाच्या आजच्या आणि पूर्वीच्या इच्छा, त्याचा जीवनक्रम, मूल्ये, सांस्कृतिक पार्श्वभूमी आणि हित. 'आजच्या आणि पूर्वीच्या' हे तीन शब्द ड्वॉर्किन आणि ड्रेसर या दोघांनाही एका ओळीत बसवतात. त्या माणसाला निर्णय जितका समजतो तितके त्याच्या मताला विशेष महत्त्व द्यावे, एवढे कायदा सांगतो; त्यापलीकडे कोणते केव्हा जड ठरावे हे तो सांगत नाही, आणि सांगत नाही हेच बरे.

हा हक्क उपचारांपुरता आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. पैशांच्या आणि घराच्या बाबतीत आपण बहुतेक जण मुखत्यारपत्रावर विसंबतो, पण 1872 च्या करार कायद्याच्या 201 व्या कलमानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता संपली की ते संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी ते करून ठेवले, नेमक्या त्या दिवशी ते निरुपयोगी होते. मग घरच्यांना पालकनेमणुकीसाठी उच्च न्यायालयात जावे लागते. हा खर्च आणि हेलपाटे ज्यांना परवडत नाहीत, त्यांच्या घरात पुन्हा तेच घडते, ज्याचे चालते त्याचेच चालते.

आता संशोधनाकडे परत येऊ, कारण हाच प्रश्न तिथे अधिक टोकदार होतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका रुग्णालयात 1963 मध्ये 22 दुर्बल, आजारी रुग्णांना कर्करोगाच्या जिवंत पेशी टोचण्यात आल्या आणि त्या कसल्या आहेत हे त्यांना सांगितले गेले नाही. अशा प्रकारांनंतर संमतीचे नियम कडक झाले, आणि त्यातून उलट अडचण उभी राहिली. जो संमती देऊ शकत नाही त्याला संशोधनातून वगळले, तर त्याच्याच आजाराविषयीचे ज्ञान कायम अपुरे राहते. आपल्या 2017 च्या कायद्याने यातून अरुंद वाट काढली आहे. स्वतः संमती देऊ न शकणारा, पण सहभागाला विरोध न करणारा माणूस असेल, तर राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या परवानगीनेच असे संशोधन करता येते. म्हणजे कागदावर कोणाचीही सही असो, त्या माणसाने हात मागे घेतला की थांबायचे.

सहभागी नीतीचा विचार याच्याही पुढे जातो. तो म्हणतो की संमती हा एकदा सही घेऊन संपणारा प्रकार नसून प्रत्येक भेटीत नव्याने विचारण्याचा व्यवहार आहे, आणि विचारताना केवळ शब्द नव्हे, तर चेहरा, अस्वस्थता, उठून जाणे हेही उत्तर म्हणून वाचायचे असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काय शोधायचे हे ठरवण्यातही त्या माणसांचा वाटा हवा. लेकानेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाचेच पाहा. अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळालेल्या या औषधाच्या चाचणीत सुमारे 1,800 लोक होते, आणि दीड वर्षात आजाराची घसरण 27 टक्क्यांनी मंदावली. हाच परिणाम 18 गुणांच्या मापपट्टीवर सांगायचा, तर तो फरक अर्ध्या गुणाहून कमी आहे, आणि काही रुग्णांच्या मेंदूत सूज व रक्तस्राव झाला. एवढा लाभ 'पुरेसा' आहे का? प्रयोगशाळा हे ठरवू शकत नाही. नातवाची मुंज डोळ्यांनी पाहायची असलेल्या आजोबांसाठी काही महिने सर्वस्व असतील, तर दर पंधरा दिवसांनी शिरेतून औषध आणि वारंवार मेंदूची चित्रे नको असलेल्या आजींसाठी तेच महिने ओझे असतील. कोणता लाभ मोजायचा हे रुग्णांना विचारूनच ठरायला हवे.

विचारणेही अनेक पातळ्यांवर असते. शेरी अर्नस्टीन यांनी 1969 मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना गुंडाळणे असते, मध्यावर नुसती माहिती देणे आणि मत ऐकून घेणे, आणि वरच्या पायऱ्यांवर भागीदारी व प्रत्यक्ष सत्ता. स्मृतिभ्रंशाच्या क्षेत्रात वरच्या पायऱ्या चढणारे लोक आहेत. स्कॉटलंडमध्ये 2002 पासून स्मृतिभ्रंश असलेल्यांचा स्वतःचा कार्यगट आहे, आणि 2014 पासून अशाच माणसांनी चालवलेली एक आंतरराष्ट्रीय संघटनाही काम करते. वैद्यकीय संशोधनाच्या नीतीविषयीच्या हेलसिंकी जाहीरनाम्यातही 2024 च्या दुरुस्तीत, ज्याच्यावर प्रयोग होतो असा 'विषय' हा शब्द जाऊन 'सहभागी' हा शब्द आला. पुण्यात पेठेपेठेत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, बागांमधून त्यांचे कट्टे भरतात. स्मृतिभ्रंशाविषयीची व्याख्याने तिथे होतात, पण ज्याला तो आहे असा माणूस व्यासपीठावर बसून बोलतो आहे, असे मी अजून पाहिलेले नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण सुरुवातीच्या टप्प्यात ही माणसे उत्तम बोलतात, फक्त त्यांना थोडा जास्त वेळ लागतो.

प्राध्यापकांच्या मुलीने शेवटी त्यांना हरिपाठातून उठवले नाही. मात्र गंध लावू देऊ नका, आणि त्यांच्या मागे कोणतेही विधी होणार नाहीत, हे तिने केंद्राला लेखी कळवले. आधीच्या बाबांचे आणि आताच्या बाबांचे, दोघांचेही तिने ऐकले असे मी मानतो.

आत्याच्या बाबतीत आम्ही वेळेवर बसलो. प्रतिनिधी नेमायला कायद्याप्रमाणे साधा कागद, सही किंवा अंगठा आणि प्रतिनिधीची लेखी संमती एवढेच लागते. तिने मुलाचे नाव न घेता धाकट्या जावेचे घेतले. दादा दुखावला, पण गप्प राहिला. मग दुसऱ्या कागदावर, कायद्यात बसो वा न बसो, तिने रोजच्या जगण्याविषयी सांगितले ते आम्ही लिहून घेतले. त्यात एक ओळ अशी होती की, मला काही कळत नसले तरी एकादशीला उपवासाचेच द्यावे. चार महिन्यांनी एका एकादशीला तिने ताटातली साबुदाण्याची खिचडी बाजूला सारली आणि भाकरी मागितली. जावेने तो कागद काढला, ती ओळ तिला वाचून दाखवली आणि विचारले, "हे असंच ठेवायचं का, वहिनी?" आत्याने ती ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली, थोडा वेळ घेतला आणि म्हणाली, "खोड ते." आम्ही ती ओळ खोडून बाजूला तिची सही घेतली. सहीखाली काय घालायचे असे विचारल्यावर तिने तिथी सांगितली, आणि जावेने तीच लिहिली.